सत्तेचाळीस किलोचं पोतं

आमचे शेजारी बबनराव चहा पिण्याआधी स्वतःचं वजन करतात आणि चहा पिऊन झाला की पुन्हा करतात. घोटावड्यात माझं पेंडीचं दुकान आहे, दारातच मोठा काटा. सकाळी येऊन चपला काढतात, काट्यावर ताठ उभे राहतात आणि मला वाचायला लावतात.

"आक्का, किती?"

"एकावन्न."

"पुन्हा बघा. चहाचं कुटं गेलं?"

मग त्यांच्या वहीत टिपण. ही वही हिशोबाची नाही बरं का, शर्यतीच्या नियमांची आहे.

शर्यत कसली ते सांगते. गावाबाहेर एका प्लॉटिंगमधे सरळसोट डांबरी रस्ता आहे. प्लॉट विकले गेले, घरं काही उठली नाहीत. मालकाला विचारून तिथं अधूनमधून मोटरसायकली पळवतात. दोघांनी शेजारी उभं राहायचं, रुमाल पडला की सुटायचं, चारशे मीटरवर आधी पोचेल तो जिंकला. बक्षीस म्हणाल तर नारळ! बबनरावांचा गट 'रोजच्या गाडी'चा. ज्या गाडीवरून दूध घालता, कामाला जाता, तीच आणायची, आणि सगळ्यांच्या गाड्या एकाच ताकदीच्या.

या गटात सगळ्यांचं वजन सारखं करतात. सर्वांत जड माणूस पौडचे हुसेनभाई, टायरचे दुकानदार, पुरे अठ्ठ्याण्णव किलो. मग हलक्या माणसानं उरलेल्या वजनाचं पोतं मागच्या सीटवर बांधायचं. बबनरावांच्या वाट्याला सत्तेचाळीस किलो सरकी पेंड. ती जाते माझ्या दुकानातून, म्हणून सभाही माझ्याच ओट्यावर.

बबनराव दरवेळी थोडक्यात हरतात आणि दरवेळी भांडतात. हेल्मेट धरून वजन का वगळून? उपासाच्या दिवशीचं वजन ग्राह्य का? हुसेनभाईंनी शर्यतीआधी वडापाव खाल्ला, तर तो कोणत्या कलमात बसतो?

"नियमात दाखव!" बबनराव ओरडतात.

"तुज्या वहीत तूच लिवतो, दाखवू काय डोंबल!" हुसेनभाई म्हणतात.

बबनरावांचा मुलगा नोकरीला परगावी, बायको जाऊन चार वर्षं झालेली. घरात ते एकटेच. तरी मी म्हणायची, जरा गप्प बसावं माणसानं.

यंदा आयटीतली तीन पोरं गटात आली, माण गावात खोल्या घेऊन राहणारी. त्यांनी सभेत सूचना मांडली, "काकू, वजनाचा नियमच काढून टाकू. सिंपल!"

हुसेनभाई शांतपणे म्हणाले, "काढा. मग मी काय येत न्हाई. टाळ्या वाजवायला पौडावरनं कोण येतंय?"

मतं घेतली. पोरांचे तीन हात काढण्याच्या बाजूनं. हुसेनभाई आणि गावातले दोघं विरोधात. उरले बबनराव. पोरं खूश, कारण पोत्याविरुद्ध एवढी वर्षं बोंबलत होतं कोण? बबनराव उठले, वही उघडली.

"पोतं ह्यो अन्याव हाय. सुतळीचं वजन कुनी धरत न्हाई. वळनावर पोतं डुलतंय..."

"काका, रस्ता सरळ आहे ना पण?"

"मधी बोलायचं न्हाई!"

पंधरा मिनिटं पोत्याची चिरफाड झाली. हुसेनभाईंनी खाली बघत हेल्मेटचा पट्टा गुंडाळायला घेतला.

"म्हनून माझं मत," बबनराव म्हणाले, "नियम ऱ्हाईल. फकस्त सुतळी वजनात धरायची."

पोरांतला एक म्हणाला, "काका, पोतं गेलं तर तुम्हीच जिंकाल की!"

"जिंकंन. कुनाला?"

मग हुसेनभाई खाकरले.

"सुतळी पावशेर बी भरत न्हाई, बबन."

"मोजलीस का कदी?"

सुरू झालं! पोरं निघून गेली, मी ओटा झाडून घेतला, तरी सुतळी संपेना. हुसेनभाईंना बाकावरून उठताना गुडघा धरतो. बबनरावांनी भांडण न थांबवता हात दिला.

बबनरावांचं घर माझ्या दुकानाला लागून आहे. त्यांना कुठं जायचं नव्हतं. तरी त्यांनी हेल्मेट घातलं आणि हुसेनभाईंच्या गाडीशेजारी आपली गाडी काढली. दोघं पौडच्या वाटेला लागले, एकमेकांकडे माना वळवून बोलत, इतके सावकाश की मागचा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून दमला, आणि शेवटी त्यांना ओलांडून पुढं गेला.