अण्णांचा दुपटीचा नियम

त्या घरात एक नियम होता आणि त्यावर प्रश्न विचारायचा नव्हता. इंग्रजी शब्दाआधी ‘इन’ किंवा ‘इम’ लागलं की अर्थ दुप्पट होतो. व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान, इनव्हॅल्युएबल म्हणजे अतिशय मौल्यवान. हा शोध अण्णांचा, हेडक्लार्क असतानाचा. पुरावा म्हणून ते स्पिरिटची बाटली पुढे करत. तिच्यावर इन्फ्लेमेबल असं छापलेलं होतं.

“पेटतं की नाही? मग झालं तर.”

अण्णांच्या धाकटीने दहाव्या वर्षी विचारलं होतं, “मग इनकम्प्लीट?” (बाईंनी तिच्या गृहपाठावर तोच शेरा मारला होता.)

“तो अपवाद,” अण्णा म्हणाले.

“आणि मोठ्यांना उलट विचारू नये,” काका म्हणाले.

तेव्हापासून अण्णांच्या शब्दांच्या वहीत अपवाद मागच्या पानापासून लिहिले जाऊ लागले. एव्हाना ते नियमाच्या अंगावर चालून आले होते.

धाकटी कॉलेजात गेली, भांडखोर म्हणून नाव कमावलं, प्राचार्यांच्या दारात दोनदा ठिय्या देऊन बसली. पण वही तिच्या अंगात मुरली होती. रोज संध्याकाळी एक शब्द, पंधरा वर्षं. इतकं मुरलेलं लोणचं बरणीला काय विचारणार?

मग वाचनालयाच्या धर्म आणि तत्त्वज्ञान विभागात सहायकाची जागा निघाली. ती मिळाली नाही तर काकांच्या कारखान्यात पाकिटं चिकटवायला बसायचं, हे ठरलेलं होतं. अण्णांनी वहीतलं ‘धर्म, विचार, ज्ञान’ हे पान उघडलं आणि अर्ज सांगितला. तिने तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

मुलाखतीत ग्रंथपालबाईंनी चष्मा पुसला आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“तुमचं कुटुंब इम्पायस आहे?”

“हो मॅडम. आजोबांपासून.”

“वडील इनटॉलरंट?”

“सगळ्याच धर्मांच्या बाबतीत. भेदभाव नाही करत ते.”

“आणि तुमचे विचार इनकोहेरंट?”

“कॉलेजात गेल्यापासून जास्तच.” इथे नम्रता शोभून दिसेल असं तिला वाटलं. “अजून सुधारणा करतेय.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी जाडजूड कोश तिच्याकडे वळवला आणि तीन ठिकाणी बोट ठेवलं. धाकटीने वाचलं. अधार्मिक. असहिष्णू. असंबद्ध. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पंधरा वर्षांच्या संध्याकाळी एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

“इतका प्रामाणिक अर्ज मी आजवर पाहिला नव्हता,” बाई म्हणाल्या. “उद्या दहापर्यंत दुसरा आणा. या वेळी जरा कमी प्रामाणिक.”

घरी अण्णा आणि काका वाट बघतच बसले होते. तिने सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“कोश जुना असेल त्यांचा,” ते म्हणाले. “बस. दुसरा सांगतो. या वेळी इम्मॉरलही घालू, म्हणजे चारित्र्याचा प्रश्नच उरणार नाही.”

“नाही अण्णा.”

“नाही म्हणजे?”

“नियम चुकीचा आहे. तेव्हाही चुकीचाच होता. मी दहा वर्षांची असताना मला कळलं होतं, आणि तुम्ही मला गप्प बसवलंत.”

अण्णांचा हात वहीवर तसाच राहिला. त्या हाताकडे बघून तिला भरून आलं, पण ती मागे हटली नाही.

“हा अर्ज मी लिहिणार. वहीशिवाय. आणि ती वही यापुढे या घरात कुणालाही शिकवायची नाही.”

“बघ हं,” काका म्हणाले. “रागात बोलतेयस. उद्या सकाळी येशील, अण्णा सांगा म्हणत. हे अगदी डेफिनेट आहे का तुझं?”

“डेफिनेट?” तिने टेबलावर हात आपटला. “इनडेफिनेट आहे, काका.”

काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी वही मिटली. दोघंही गप्प झाले. इनडेफिनेट म्हटल्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आपण काय बोलून बसलो ते धाकटीला लगेच कळलं. पण मोठी माणसं तिच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसली होती. तिनेही ती चूक दुरुस्त केली नाही.