रकाना सात : खेळाव्यतिरिक्त येणाऱ्या गोष्टी

ज्याला एकच गोष्ट उत्तम येते, असा माणूस समाजाला एक प्रकारचा भारच असतो. त्याची ती एक गोष्ट करून झाली, की उरलेल्या वेळात त्याचं करायचं काय, हा प्रश्न आजवर भल्याभल्यांना सुटलेला नाही. वाळवा तालुक्यातल्या आमच्या सहकारी साखर कारखान्यानं मात्र तो १९९४ साली सोडवला. (कारखान्याचं नाव सांगत नाही. आमचे चेअरमन अण्णा यांना प्रसिद्धी आवडत नाही. फोटो आवडतो.)

कारखान्याचा कबड्डीचा संघ होता. चांगला होता, हे मी नाकारत नाही. त्या हंगामात चौदा सामन्यांपैकी अकरा जिंकले होते. पण सामना चालतो चाळीस मिनिटं आणि खेळाडू नोकरीत असतो वर्षभर. कामगार कल्याण अधिकारी या नात्यानं ही तफावत मी अण्णांच्या नजरेस आणून दिली. अण्णा गंभीर झाले. पुढच्याच बैठकीत खेळाडूंचा सर्वांगीण विकास करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि मी एक फॉर्म तयार केला. त्यातला सातवा रकाना असा होता : 'मुख्य खेळाव्यतिरिक्त आपणांस कोणकोणत्या गोष्टी उत्तम येतात?'

खेळाडू हा भोळा प्राणी. सगळ्यांनी खरं लिहिलं. कर्णधाराला पाचशे माणसांची आमटी एकहाती करता येत होती. डाव्या कोपऱ्यातला गडी मंडप घालण्यात पटाईत निघाला. एकजण मिरजेत लहानपणी सतारीचे भोपळे घासायला होता, त्याला तंबोरा लावता येई. तो अण्णांच्या भाचीच्या गाण्याच्या क्लासला जोडून दिला. एकानं मात्र 'काही नाही' असं लिहिलं. असा उद्धटपणा चालवून घेता येत नाही. त्याला आम्ही रांगोळी शिकवली.

आणि बिराप्पा. हा जतकडचा, मेंढरांमागं हिंडून पाय तयार झालेला. चढाईला गेला की समोरचे सातजण नुसते धुळीकडं बघत राहायचे. त्यानं रकान्यात दोनच शब्द लिहिले होते : 'फेटा बांधतो.' त्याच्या आज्याचा हात कापायचा, म्हणून दहाव्या वर्षापासून आज्याचा फेटा हाच बांधायचा. एका फेट्याला चाळीस सेकंद. (मी घड्याळ लावून मोजले.) त्यानं बांधलेला फेटा वरातीत नाचलं तरी हलत नसे.

पहिला फेटा त्यानं अण्णांना बांधला. अण्णांनी आरशात पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. त्या दिवसापासून कबड्डी हा बिराप्पाचा जोडधंदा झाला.

योजनेचं यश आकड्यांतच पाहावं. १९९५-९६ च्या हंगामात संघानं एकशे अठरा लग्नं, एकवीस वाढदिवस, नऊ सत्यनारायण आणि दोन पोटनिवडणुका पार पाडल्या. सामने नऊ झाले. ते हरलो, पण सामन्यानंतरचं जेवण सर्व संघांनी वाखाणलं.

अशा वेळी खुसपट काढणारा एक असतोच. आमच्याकडं तो संघाचा मार्गदर्शक नाथाजी होता. "सायेब, बिराप्पाला सरावाला सोडा की," तो दर आठवड्याला म्हणायचा. "राज्याला खेळंल असा गडी हाय. दिसभर फेटं बांधत हुबं ऱ्हाऊन त्येचं पाय जड व्हायला लागल्यात." मी त्याला ठरावाची प्रत दाखवली. त्याला लिहिता-वाचता येत होतं, तरी पटलं नाही.

इथं एक नियम सांगितला पाहिजे. रोजंदारीवर घेतलेला खेळाडू तीन वर्षांत एकदा तरी राज्य स्पर्धेला निवडला गेला, तर त्याची नोकरी कायम. नाही तर नाही. बिराप्पाचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. कवठेमहांकाळकडची अपेक्षा नावाची मुलगी त्याला ठरली होती आणि नोकरी कायम झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. बिराप्पाची आई दगडाबाई दोन एसट्या बदलून माझ्या कचेरीत आली.

"आवं सायेब, पोराचं कवा पर्मनंट हुतंय? पोरीचा बा माघाच्या म्होरं थांबत न्हाई म्हणतोय."

"प्रक्रिया चालू आहे," मी म्हणालो. (हे उत्तर कधीच खोटं नसतं.)

निवड चाचणी ८ डिसेंबर १९९६ ला, सांगलीत, दुपारी चारला होती. त्याच दिवशी साताऱ्यात अण्णांचे पुतणे विश्वजित यांचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी कुणावर अन्याय होऊ देत नाही. बिराप्पानं सकाळी सहापासून अकरापर्यंत फेटे बांधावेत आणि मग कारखान्याच्या जीपनं सांगलीला जावं, असं नियोजन मी तीन प्रतींत केलं होतं.

अकरापर्यंत चारशे बारा फेटे झाले. तेवढ्यात निरोप आला की मंत्री येत आहेत. मुहूर्त पंचांगात असला तरी मंत्री गाडीत असतात, त्यामुळं अक्षता लांबल्या. त्यांना आणायला जीप शिरवळपर्यंत गेली. मंत्र्यांचा फेटा बिराप्पाच बांधील, असं अण्णांनी जाहीर केलं.

साडेअकराला बिराप्पा माझ्याकडं आला. खांद्यावर कापडाचा ढीग तसाच होता.

"सायेब, मी यष्टीनं जातू. चार वाजता माजी चाचणी हाय."

"अरे, मंत्र्यांच्या डोक्याला हात लावायला मिळतोय. हे काय थोडं झालं?"

"आज चुकलं तर माजं लगीन मोडतंय, सायेब."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा आरशात पाहत होते.

"थांब थोडा," मी म्हणालो. "पुढचं मी बघतो."

मंत्री तीनला दहा कमी असताना आले. बिराप्पानं अडतीस सेकंदांत फेटा बांधला, हा आमच्या कारखान्याचा विक्रम आहे. मंत्री "वा" म्हणाले. फोटो निघाला, त्यात बिराप्पाचे हात दिसतात. मग तो स्टँडकडं धावत सुटला. सांगलीला पोचला तेव्हा अंधार पडला होता आणि मैदानावर चुन्याच्या रेघा आणि नाथाजी एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी अहवालात 'चाचणीस विनापरवानगी गैरहजर' असं लिहावं लागलं. अक्षर माझंच आहे. लग्नाला गेला होता असं लिहिता येईना, कारण लग्न हे कारखान्याचं काम नव्हे. नियमाप्रमाणे बिराप्पा कायम झाला नाही. संघातून नाव कमी झालं. पण कारखाना कृतघ्न नाही. फेट्यांसाठी त्याला हंगामी म्हणून ठेवून घेतलं.

अपेक्षाचं लग्न माघात झालं, एका एसटी कंडक्टरशी. तिचे वडील आमचे सभासद. त्यांनी फेटेवाल्यासाठी रीतसर अर्ज केला आणि मी तो मंजूर केला. या वेळी जीप वेळेवर गेली. नवरदेवाचा फेटा बांधायला बिराप्पानं चांगली पाच मिनिटं घेतली. गड्याचा हात मंदावत चालला की काय, अशी मला काळजी वाटली. पण फेटा उत्तम झाला होता. तो दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटला नाही म्हणतात.

हे वाचून आपल्याला हळहळ वाटली असेल. आपण सुसंस्कृत आहात, वाटणारच. ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सर्वांना वाटली. सांगलीच्या एका प्राध्यापकांचे तर डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "वैशाखात आमच्या धाकट्याचं आहे. मोकळा असतो का हो तो?"

आपल्याही मनात तेच आलं आहे, तर संकोच करू नका. फक्त तारीख आधी कळवा आणि उशीर झाला तरी काळजी करू नका. आता त्याला कुठं जायची घाई नसते.