गिटारने धरलेलं मौन

बंटीशेटने एकदा हात लावलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नाही, हे ओतूरच्या बाजारपेठेत सर्वमान्य आहे. म्हणजे तिच्यात बिघडण्यासारखं काही उरतच नाही!

घरचं भांड्यांचं दुकान. थोरले पुखराजशेट गल्ल्यावर बसून बोलतात आणि धाकटे बंटीशेट मागच्या खोलीत बसून उघडतात. काय उघडतात? हाती येईल ते! मिक्सर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, एकदा तर चालू वजनकाटा. शिक्षण बी.कॉम., पण स्क्रू ड्रायव्हर हातात आला की चेहऱ्यावर मोठ्या सर्जनचा भाव. उघडलेली वस्तू बंद झाली नाही तरी हा भाव उतरत नाही. अशी माणसं दुर्मीळ असतात, आणि ज्या घरात असतात त्या घरातल्यांनाच त्यांची किंमत नसते.

बंटीशेटकडे कॉलेजपासूनची एक लाल इलेक्ट्रिक गिटार होती. ती वाजवायला ॲम्प्लिफायर लागतो आणि ॲम्प्लिफायरला घरात बंदी होती. बंदी त्यांच्या भाभींनी, म्हणजे मोहनबाईंनी घातलेली. कारणही तसंच होतं. बंटीशेटने दुकानामागे पहिलाच सूर छेडला तेव्हा फळीवरचे सगळे स्टीलचे डबे थरथरत साथीला आले आणि सर्वांत वरचं पिंप रसिकाच्या आवेगाने थेट खाली उतरलं!

म्हणून बंटीशेटने एक किट मागवलं. एवढीशी हिरवी पट्टी, चार वायरी आणि मुंगीच्या अक्षरातला कागद. ते गिटारच्या पोटात बसवायचं, की गिटार यूएसबी होते. वायर सरळ लॅपटॉपमध्ये, आवाज फक्त हेडफोनमध्ये. डबे सुरक्षित, पिंप सुरक्षित, भाभी खूश!

कढईच्या कड्यांना भोकं पाडायच्या ड्रिलने त्यांनी गिटारला भोक पाडलं. ते पलीकडून निघालं. ते हवेसाठी ठेवून त्यांनी शेजारी दुसरं पाडलं. मग झाकणांना डाग देतात त्याच हत्याराने वायरींना डाग देत असताना पिंपरी पेंढारचा ज्योतिबा पातेलं न्यायला आला आणि दारातच थबकला.

"बंटीशेट, आवो ह्याचं पोट का फाडलंय?"

"यूएसबी करतोय."

"म्हंजी?"

"म्हणजे ही आता कॉम्प्युटरला लागणार."

"आन् वाजनार कुठं?"

"माझ्या कानात."

"भाईर काय बी न्हाई?"

"जराही नाही!"

ज्योतिबाने पातेलं खाली ठेवून हात जोडले. "लई डोकं राव तुमचं! आमच्या गावच्या डीजेवाल्याला बी करून द्या की असलं काय तरी!"

या कौतुकाने बंटीशेटच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच भरात त्यांनी वायर लॅपटॉपला जोडली, आणि चमत्कार! लॅपटॉपने गिटार ओळखली. पडद्यावर एक चौकट आली. नवीन उपकरण सापडलं आहे, ते डीफॉल्ट करायचं का, असं ती इंग्रजीत विचारत होती.

बंटीशेटने बी.कॉम.ची सगळी बुद्धी पणाला लावली. फ्रिजमधला बर्फ काढतात त्याला काय म्हणतात? डीफ्रॉस्ट. मग फॉल्ट काढण्याला काय म्हणणार? उघड आहे!

"म्हणजे मशीन स्वतःहून फॉल्ट काढून देतंय!" ते म्हणाले आणि त्यांनी झोकात 'हो' दाबलं.

त्या क्षणापासून तो लॅपटॉप फक्त गिटारचं ऐकू लागला. माणसाच्या बोलण्याला त्याचे कान बंद!

आता घरात लॅपटॉप एकच, आणि त्या रविवारी त्यावर रीनाचं भवितव्य ठरणार होतं. रीना म्हणजे पुखराजशेटची मुलगी, नारायणगावला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. स्थळ मंचरचं. मुलगा मोहित बंगळूरला नोकरीला, आणि त्याचे आईवडील व आजोबा सध्या त्याच्याकडेच राहायला गेलेले. म्हणून पहिली बैठक व्हिडिओ कॉलवर. रीना आणि मोहितची ओळख एका लग्नात झाली होती, आणि हे स्थळ आपल्याच डोक्यातून निघालं असं दोन्हीकडच्या मोठ्यांना वाटेल, याची दोघांनी चोख व्यवस्था केली होती. काळजी एकाच गोष्टीची होती. पप्पांच्या तोंडाची!

आधीची दोन स्थळं त्याच तोंडाने परतवली होती. पहिल्या वेळी पुखराजशेटनी मुलाच्या बापाला त्याच्या दुकानाची पाटी किती भिकार आहे ते समजावून दिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच्या मुतखड्याची साद्यंत कथा सांगितली. सांगायला हरकत नव्हती, पण समोर पंगत बसली होती.

"काका, काहीही करा, पण या वेळी पप्पांना बोलू देऊ नका," रीना काकुळतीला येऊन म्हणाली. "हे मोडलं ना, तर मी पुन्हा कुणासमोर बसणार नाही!"

"मी आहे ना!" बंटीशेट म्हणाले. हे वाक्य त्या घरात भूकंपाच्या सूचनेसारखं ऐकलं जाई.

कॉल सुरू झाला. गिटारची वायर तशीच होती, कारण ती एकदम उपटू नये असं त्या कागदात लिहिलं होतं आणि हळू कशी उपटायची हे लिहिलं नव्हतं. त्यामुळे गिटार सोफ्याच्या मागे उभी करून ठेवलेली. सोफ्यावर पुखराजशेट आणि मोहनबाई, बाजूच्या खुर्च्यांवर रीना आणि बंटीशेट.

पडद्यावर आजोबा घेवरचंदजी मधोमध. पांढरी मिशी, कडक टोपी. "जय जिनेंद्र!" ते म्हणाले आणि जे बोलायला लागले ते लागलेच! मंचरचा बाजार, बंगळूरचं पाणी, हल्ली घरात आपलं कुणी ऐकत नाही.

पुखराजशेटनीही त्याच क्षणी सुरुवात केली होती. त्यांना समोरच्याच्या उत्तराची गरज कधीच पडत नसे. बोलताना त्यांना दुसऱ्याचं ऐकूही येत नसे. दोघंही एकाच वेळी, तितक्याच प्रेमाने बोलत होते.

रीनाचा मोबाईल थरथरला. मोहितचा मेसेज : "तुझ्या पप्पांचे ओठ हलतायत. आवाज शून्य! सांगू का?"

बंटीशेटने शेजारून वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्या कामात फॉल्ट? आणि तो काढून झाल्यावर? त्यांचा हात आपोआप वायरीकडे गेला. रीनाने त्यांच्या पायावर पाय दिला, टाच रोवून, आणि चेहऱ्यावर नववधूचं स्मित तसंच ठेवून पुटपुटली, "काका, हात लावलात तर बघा!"

"अगं, दोन मिनिटांत दुरुस्त करतो!"

"म्हणूनच!"

मग तिने मांडीवरच्या मोबाईलवर एका अंगठ्याने टाईप केलं : "खबरदार!"

पोरगी एकदम पक्की! पलीकडे मोहितची आई डोळे बारीक करून विचारत होती, "हे काही बोलत का नाहीत रे?"

"त्यांचं आज मौन आहे, मम्मी," मोहित न अडखळता म्हणाला. जोडा खरंच शोभणारा होता.

"पण ओठ हलतायत की!"

घेवरचंदजींनी पडद्याला नाक लावलं आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "अगं, नवकार मंत्र चाललाय त्यांचा! भर बैठकीत मनातल्या मनात नवकार! आपल्या घरात आहे का कुणी असं?"

इकडे पुखराजशेटचं गाडं नेमकं मुतखड्यावर आलं होतं. मोहनबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढा होता, एवढा!" म्हणत पुखराजशेटनी अंगठा आणि तर्जनी जुळवून मोठ्या आकाराचा हरभरा दाखवला, आणि त्या वेदनेच्या आठवणीने डोळे गच्च मिटले.

"ध्यानमुद्रा!" घेवरचंदजी गहिवरले.

तेवढ्यात खडा कसा सुटला हे दाखवायला पुखराजशेट धाडकन सोफ्यावर मागे रेलले. सोफा गिटारवर आदळला. खोलीत जेमतेम 'टिंग' झालं, पण बंगळूरला, यूएसबीच्या कृपेने, देवळातल्या मोठ्या घंटेसारखं 'ढ्यांऽऽऽग' घुमलं!

पलीकडच्या चौघांनी एकदम हात जोडले.

"झालं!" घेवरचंदजी डोळे पुसत म्हणाले. "दैवाने कौल दिला. माझ्याकडून पक्कं! तुझं काय ते सांग बेटा."

रीनाने तोंड न उघडता मान खाली घातली. इतकं सुरेख मान खाली घालणं ओतूरमध्ये त्याआधी झालेलं नाही.

कॉल संपला. मोहनबाईंनी साखर वाटली. पुखराजशेटनी घाम पुसला. "लई बोलतात बुवा ती माणसं! तरी मी नेट धरून बोलत राहिलो, म्हणून जमलं."

लग्न बंटीशेटच्या डागाने जुळलं होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती! फक्त रीनाने जाता जाता वाकून त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्यांचे डोळे जरा भरून आले.

"काका, तुम्ही ग्रेट आहात," ती म्हणाली. "अगदी मनापासून."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मोहितचा होता. घेवरचंदजींना म्हणे उभ्या आयुष्यात असा श्रोता भेटला नव्हता. ते मंचरला परत निघालेत, पण आधी मंचर ओलांडून ओतूरला येतायत, पुखराजजींच्या सहवासात शांत बसायला.

चार दिवस मुक्काम आहे.