पंधरा फेरे आणि पाखराचा एक

“यंदा नाला आपल्याले अडवत नाई! लिहून ठेवा!” गोपालने भर अंगणात जाहीर केलं. त्याची जीपगाडी चाकांवर चार इंच उचलून झाली होती. कोंबड्या आता मान न वाकवता तिच्याखालून जात!

ही उंची हौसेची नव्हती. दोन वर्षांमागे अशाच श्रावणात त्याच्या बायकोला, दिव्यानीला, कळा लागल्या. बैलबंडी भरल्या नाल्याच्या काठावर थांबली आणि पाणी उतरण्याआधीच जे लेकरू आलं, ते रडलंच नाही. तेव्हापासून घरात नाल्याचं नाव कोणी घेत नसे. नुसतं ‘ते’ म्हणत; गोपालने आज पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. आता दिव्यानीला पुन्हा नववा लागला होता. आठ दिवस आधीच तिला कुरखेड्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं ठरलं होतं, आणि आभाळ तर धानाच्या तणसाच्या गंजीसारखं थरावर थर रचत चाललं होतं.

पण गाडी उचलली, तसा मागचा धुरा पुढे ओढला गेला आणि चाकं मडगार्डला घासू लागली. धुरा जागेवर धरून ठेवणारे खालचे दोन दांडे, कंट्रोल आर्म, आता लांब हवे होते. नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, “ठरल्या लांबीचे घ्या भाऊ. बसवले की झालं.”

“अन् आटे फिरवून लांब-आखूड होते, ते?”

“तेही आहेत. पण दोन्हीकडचं माप सारखं पाहिजे. मोजणारा हुशार लागते.”

“मोजणारा?” गोपाल हसला. “माहा बाप चाळीस वर्षांचा मापारी आहे!”

आणि त्याने आट्याचेच मागवले.

गोपालचा बाप मुखरू म्हणजे गावाचं माप. खळ्यावर धानाची रास पडली की पायली त्याच्याच हाती. ओठातल्या ओठात गुणगुणत तो मोजी, आणि त्याच्या मापात कमी भरलं, असं कोणी कधी म्हटलं नाही. दांडे आले तसा तो धोतर खोचून बसला. डावा दांडा बापाकडे, उजवा लेकाकडे.

“पंधरा फेरे, बाबा. ना कमी, ना जास्त!”

“मले शिकवतं का रे?”

दांडे बसले. गोपाल ऐटीत गाडीत चढला, स्टेअरिंग सरळ धरलं, आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालत उजवीकडे शेजारच्या गुणाबाईच्या वांग्यांत शिरली!

“काऊन रे गोपाल!” गुणाबाई कंबरेवर हात ठेवून ओरडली. “एवढी उंच गाडी केली, तरी कुंपण दिसत नाई तुले?”

“गाडी ओढून राह्यली, बाई!”

“मंग तू काहाले बसला तिच्यात?”

गोपालच्या खिशात टेप होता. पण मापाऱ्याच्या मागून टेप लावायचा, म्हणजे बापाच्या चाळीस वर्षांवर संशय घ्यायचा. टेप खिशातच राहिला. त्याने दोन्ही दांडे उतरवले, आटे परत मिटवले आणि बाजू बदलल्या. आता डावा त्याने केला, उजवा मुखरूने. पुन्हा पंधरा, पुन्हा पंधरा. आता मात्र गाडी डावीकडे वळली आणि घरच्याच तणसाच्या गंजीत तोंड खुपसून थांबली, जशी दिवसभराची उपाशी गाय!

“माल खराब आहे!” गोपाल फोनवर कडाडला. पलीकडून एवढंच आलं, “मोजणारा हुशार आहे ना, भाऊ?”

तेवढ्यात पहिले थेंब पडले. गोपाल फोन ठेवून गाडीखाली शिरला. तो गाडीखालून निघेना. आत त्याने डोळे पुसले की ग्रीस, ते कोणाला दिसलं नाही.

तिसऱ्या वेळी दांडे ओसरीवर आणले. दिव्यानी तिथेच सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बापलेक मोजू लागले, आणि तिचं बोट सुपात थबकलं. गोपाल मोजत होता, “एक, दोन, तीन…” सासऱ्याच्या ओठांवर मात्र वेगळंच गाणं होतं. “लाभ…” फेरा. “एक…” फेरा. “दोन…” पाच झाले की “पाखराचा…” आणि आणखी एक फेरा! घेणाऱ्याचं मन भरावं म्हणून पहिला लाभाचा, अन् दर पाचाला एक पाखरांच्या वाट्याचा; दोन्ही मोजणीत न धरलेले. खळ्यावर हा हात असाच चाले. दिव्यानी दर फेऱ्याला एक दाणा बाजूला काढत गेली. नवऱ्याचे पंधरा. सासऱ्याचे एकोणीस.

तिने सासऱ्याकडे पाहिलं. थकलेला, ग्रीसने काळा झालेला, पण मान ताठ.

“अजी,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्हाले मोजता येत नाई. दोन्ही दांडे मामाजीलेच करू द्या.”

“मले? मले येत नाई?”

तिने सुपाच्या कडेला मांडलेल्या दाण्यांच्या दोन ओळी त्याला हळूच दाखवल्या. गोपालने दाणे पाहिले, बापाकडे पाहिलं, आणि आपला दांडा त्याच्यापुढे सरकवला.

“म्हणलो नव्हतो?” मुखरूने लेकाचा दांडा ओढून घेतला. “पोराले काय समजते मापातलं!”

एकोणीस इकडे, एकोणीस तिकडे. गाडी निघाली, ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ.

दिव्यानीला घेऊन ते नाल्यावर पोचले, तेव्हा रपट्यावरून, त्या ठेंगण्या दगडी पुलावरून, गढूळ पाणी वाहू लागलं होतं. घोट्याएवढंच, पण चढतं. गोपालने एक काठी रोवून पाहिली, मग गाडी घातली. दिव्यानीने डोळे मिटून पोटावर हात ठेवला. मागच्या सीटवर म्हातारा रपट्याचे दगड मोजत होता, “लाभ… एक… दोन…” चाकं पलीकडच्या मुरुमाला लागली, तेव्हा दिव्यानी हळूच म्हणाली, “गेलं ते.”

चौथ्या दिवशी पहाटे लेकरू आलं, आणि असं रडलं की सारा दवाखाना उठून बसला. इंदुताई नर्सने त्याला काट्यावर ठेवलं. मुखरू शेजारी वाकून उभा.

“तीन किलो!” इंदुताई म्हणाली. मग तिने चष्मा नीट केला. “भाऊ, ताटलीवरचा हात काढा ना.”

मुखरूने दचकून हात काढला.

“दोन किलो आठशे.”

“मंग… भरलं का, बाई?”

“भरलं ना. चांगलं भरलं.”

गोपालने हसू लपवायला खिडकीकडे तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मापाऱ्याचा हात मापात सापडला होता!