ऑरिनच्या शर्टाचं शेपूट

ऑरिन क्रेब्सचा नेम आजवर एकदाही चुकला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात ठासणीची बंदूक खांद्यावर टाकून हिंडणारे पुष्कळ, पण शिकाऱ्यांच्या केबिनच्या भिंतीवर ज्याच्या शर्टाचं शेपूट नव्हतं असा तो एकटाच.

शेपटाचं असं असतं. हरणावर बार टाकला आणि हरीण शेपूट वर करून निघून गेलं, की त्या माणसाने केबिनमध्ये पाठ करून मुकाट उभं राहायचं. म्हातारा एझ्रा मेंढ्या कातरायची कात्री घेऊन त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापणार, त्यावर नाव लिहून भिंतीला ठोकणार. मग तो तिथे जन्मभर लोंबत राहणार. आमच्या पाद्रीबाबांचंही शेपूट आहे तिथे. ऑरिनचं नव्हतं, कारण ऑरिन सहसा बार टाकतच नसे. हरीण लांब असलं की म्हणायचा, वारा आडवा आहे. जवळ असलं की म्हणायचा, लहान आहे बिचारं, वाढू दे.

एका नाताळाला त्याच्या सासूने, ओटिलीने, त्याला लोकरीचा शर्ट शिवून दिला. लाल-काळ्या चौकडीचा, ऊबदार, मागून चांगला मांडीपर्यंत लांब. वर हुकूम सोडला, "शिकारीला हाच घालायचा. दुसरा नाही."

निघताना बायको, हिल्डा, दारात आडवी उभी. आईने अधू डोळ्यांनी शिवलाय, ती म्हणाली. याला कात्री लागली तर तू तिकडेच राहा, हरणांत.

आता आली का पंचाईत! ऑरिनने मनाशी ठरवलं, यंदा तर बंदूक उडवायचीच नाही.

पण सोबत मेहुणा होता. ॲल्विन, ओटिलीचा धाकटा. हा सकाळपासून शर्टामागे लागलेला. ऑरिन बर्फात उभा राहून बंदूक भरतोय आणि हा विचारतोय, "दाजी, शर्ट आहे की झगा? का ताईचाच घालून आलात?" ऑरिन त्याला उत्तर देत बसला. उत्तर चांगलं झणझणीत होतं, पण त्या भरात नळीत दारू ओतायची राहिली आणि नुसती गोळीच गजाने ठासून बसवली. पंगतीला बसवावं आणि भातच वाढू नये, तशातली गत.

थोड्या वेळात देवदारांतून हरीण आलं. शिंगं अशी, की त्यावर घरातल्या सगळ्यांच्या टोप्या टांगाव्यात. आणि आलं ते थेट ऑरिनच्या पुढ्यात. वारा नाही, लहान म्हणावं तर ऑरिनपेक्षा जाडजूड. समोरच्या झाडाखालून ॲल्विन बघतोय. काढता पाय घ्यायला जागाच उरली नाही. ऑरिनने देवाचं नाव घेतलं, शर्टाचं शेपूट पँटमध्ये खोचलं आणि चाप ओढला.

गारगोटीची ठिणगी पडली, बंदुकीच्या कानाजवळची रंजक, म्हणजे बत्तीची चिमूटभर दारू, पेटली, फुस्स झालं. संपलं. नळीत दारूच नाही तर उडणार काय!

हरणाने मान वर केली. ऑरिनने पुन्हा रंजक घातली. पुन्हा फुस्स. हरीण दोन पावलं पुढे आलं, नीट बघायला. तिसऱ्या वेळी ते शिंकलं, धुरामुळे असेल, आणि रस्त्याने शेजारी जावा तसं शांतपणे निघून गेलं.

"चुकलं, दाजी," ॲल्विन म्हणाला.

"गोळी बाहेरच आली नाही, तर चुकेल कशी?"

हा वाद घालत दोघे केबिनपर्यंत आले. नळीतली गोळी तर काढायला हवी. ऑरिनने बंदुकीच्या कानातून चिमूट चिमूट दारू आत सारली, गजाने गोळी पुन्हा खाली दाबली. मधेच शर्टावर काजळी उडाली म्हणून शेपूट झटकत बसला. मग ओढ्याकाठच्या दरडीवर नेम धरून बार काढला.

गज नळीतच होता.

एझ्राने आदल्या दिवशी अंगावर रस्सा सांडला होता, म्हणून त्याची एकुलती एक लोकरीची आतली विजार धुऊन दोरीवर वाळत होती. गज तिच्यातून आरपार गेला आणि तिला घेऊन थेट देवदाराच्या शेंड्याला जाऊन रुतला. दोन्ही पाय पसरून. ती अजून तिथेच आहे. दोन उन्हाळे एका घारीने तिच्यात पिल्लं काढली म्हणतात, आणि मला काही त्यात अशक्य दिसत नाही.

जेवणाच्या टेबलावर न्यायनिवाडा झाला. ॲल्विनने कात्री आणून ठेवलीच होती. ऑरिनच्या डोळ्यांपुढे हिल्डा उभी राहिली, दारात, आडवी. तो शेपूट अंगाखाली दाबून बसला.

एझ्राने बराच विचार केला. हरणाकडे गोळी गेली नाही. दरडीवर नेम धरला, ती दरडीला लागली. विजारीवर नेम धरलाच नव्हता, तरी तिला गज लागला. याला चुकणं म्हणता येणार नाही. "शेपूट राहू दे," तो म्हणाला, "पण माझी विजार भरून दे."

ऑरिनने आनंदाने अंगातली आपली उतरवून दिली. गज नाही म्हणजे बंदूक भरता येत नाही, म्हणून उरलेले दिवस भांडी घासली आणि कुडकुडत घरी आला. पण शर्ट अखंड!

ओटिलीकडे त्या दिवशी आम्ही बायका गोधडी शिवायला जमलो होतो. ऑरिन ऐटीत आत शिरला, मागोमाग ॲल्विन. ऑरिन सासूपुढे पाठ करून उभा राहिला. "बघा आई, धागासुद्धा हलला नाही."

ओटिलीने शेपूट ओढून काढलं, चाचपलं. तिचा चेहरा पडला.

"अरे, वीतभर जास्त शिवला होता मी मुद्दाम. कापायला. माझ्या नवऱ्याचे सगळे शर्ट असेच शिवायचे मी." मग हळूच विचारलं, "एकदाही बार नाही टाकलास?"

ओटिलीने टेबलावरची कात्री उचलली.

"ॲल्विन, हे नेऊन ठोक भिंतीवर. जावयाने बार टाकला, निदान चुकला तरी, एवढं दिसू दे लोकांना."

आणि तिने कचकन कापलं. पण ओटिलीची नजर अधू. शेपटाबरोबर पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे गॅलिसही कापले गेले, पँट खाली आली, आणि आतली विजार तर तिकडे डोंगरावर एझ्राच्या अंगात.

बाकीच्या बायका सांगतात, आम्ही लगेच तोंड फिरवलं. मी चष्मा पुसत होते.