मोहुर्लेभाऊंची तापणारी गाडी

आमचे शेजारी मोहुर्लेभाऊ कुठल्याही वस्तूला तळहात लावत नाहीत. दाराची कडी असो, चहाचा पेला असो की कुणाचं तान्हं बाळ असो, आधी बोटांची मागची बाजू टेकवतात आणि आकडा सांगतात. माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा हे न बोलावता आत आले, कपाळाला पालथा हात लावला आणि म्हणाले, "चाळीस डिग्री. घाबरू नका, जळत नाई." माझ्या थर्मामीटरने एकशे तीन दाखवलं, म्हणजे एकोणचाळीस पूर्णांक चार. सहा दशांशांची ती चूक त्यांनी आजवर कबूल केलेली नाही.

चंद्रपुरात कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं त्यांनी जळालेल्या मोटरींवर नव्या तारा गुंडाळल्या. मोटरीच्या अंगात करंट उतरला असेल तर तळहात तिला घट्ट धरून बसतो, पालथा हात मात्र झटकला जातो. मोटरीपुरतं हे शहाणपण ठीक आहे. पण बाळात करंट कुठून येणार?

नव्वदचं दशक संपता संपता ते रिटायर झाले आणि त्यांनी एक गाडी बनवली. जुनी बंद जीप, पुढे तिचं पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली भंगारातून आणलेली विजेची मोटर, आणि ट्रकच्या आठ बॅटऱ्या. म्हणजे चालायची दोन साधनं असून कुठेच न जाणारी गाडी. ती बनवण्याचं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या लीलाबाईंना पेट्रोल-डिझेलचा वास सहन होत नाही. एसटीत बसल्या की पहिल्या चौकातच उलट्या, पुढे शुद्धच जाते. त्यामुळे मूल गावाच्या रस्त्यावरचं माहेर, अवघे सव्वीस किलोमीटर, त्यांना अकरा वर्षं दिसलं नव्हतं. आता आई अंथरुणाला खिळली होती. 'लेकीले पाठवा' असा निरोप दोनदा आला होता.

मी सरळ सुचवलं, "बैलगाडी करा. संध्याकाळच्या आत पोचाल."

"अन् ट्रकचा धूर? तो सिधा तिच्या तोंडावर! तुमी मोजणी खात्यातले लोकं, जमिनीच्या वर काय अस्ते तुमाले काऊन दिसंल?" असं म्हणून ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जाताना बॅटरीवर, काचा लावून. येताना बॅटरी संपली तर आपण एकटे इंजिनावर, असा त्यांचा बेत होता.

नवव्या दिवशी मात्र ते स्वतःच आले. मोटर तापत होती आणि आकडे लिहायला माणूस हवा होता.

तीन महिन्यांतले माझे सगळे रविवार त्या सीटवर गेले. हातात वही, शेजारी थर्मामीटरची तार. तिसऱ्या किलोमीटरला बासष्ट डिग्री, सहाव्याला एक्क्याऐंशी, नवव्याला एकशे चार. मग गाडी बंद, आणि मोहुर्लेभाऊंची भाषणं सुरू. आधी म्हणाले मोटरीतला कार्बन घासला. कार्बन बदलले. मग बेअरिंग. तेही बदललं. मग ब्रेक चिकटतात म्हणून चारही चाकं खोलली. शेवटी माझ्याकडे वळले.

"वजन किती तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"तेच मनलं! लोड तर इथी बसून राह्यलं!"

मी उतरून पायी घरी आलो. पुढच्या खेपेला माझ्याशिवायही नवव्या किलोमीटरला एकशे चारच.

या माणसाला मोटरीतलं काही कळत नाही, हे माझं मत आता पक्कं झालं. मी वही घेऊन बसलो. चाकं उचलून, सीट काढून, वर्कशॉपसारखं ओझं देऊन मोटर तासभर चालवली होती, तेव्हा आकडा साठ डिग्रीवर थांबला होता. रस्त्यावरही करंट तेवढाच, साठ अँपिअर. म्हणजे उष्णता जास्त तयार होत नव्हती, तिला बाहेर पडायला वाट मिळत नव्हती. फरक फक्त सीटचा. आणि सीट दर वेळी ते स्वतःच काढत, खालची बाजू भिंतीकडे करून ठेवत.

पुढच्या रविवारी ते पाना आणायला आत गेले तेव्हा मी सीट उलटली.

खाली गोधडी. लुगड्याच्या चार घड्या घालून, मोटरीच्या हवेच्या जाळीच्या बरोबर मापाची, बारीक टाक्यांनी शिवलेली. चारी कोपऱ्यांना बांधायचे बंद. चुकून अडकलेलं फडकं नव्हतं ते.

ते दारात उभे होते.

"हे कुणी लावलं?"

"मीच."

"अहो, हवा बंद केलीत तर तापणारच ना! पोरालाही कळेल!"

"मले नाई कळत का?" ते खाली बसले. "मोटर गरम झाली का तारांवरल्या वार्निशचा वास येते, भाऊ. पेट्रोलपरीस हलका, पन येते. मी तिले गल्लीतल्या गल्लीत बसवून पाह्यलं होतं. तिनं नाकाले पदर लावला. बोलली काई नाई."

"मग तीन महिने ब्रेक आणि बेअरिंग कशाला?"

"मनलं, दुसरा काई दोष निंगते का पाहू."

वहीतल्या शेवटच्या पानावर मी नवा तक्ता केला. दर पाच किलोमीटरला थांबा, सीट काढायची, पाऊण तास मोटर गार होऊ द्यायची, सीट लावायची. पाच थांबे. सव्वीस किलोमीटरला पाच तास. बैलगाडीहून जेमतेम तासभर कमी. हे मी त्यांना ऐकवलंच. त्यांनी तक्ता घडी करून खिशात घातला.

पुढच्या बुधवारी मी मोजणीच्या कामासाठी एसटीने मूलला निघालो होतो. चिचपल्लीच्या जरा अलीकडे, पंधराव्या किलोमीटरला, मोहाच्या झाडाखाली ती जीप उभी होती. सीट काढून जमिनीवर ठेवलेली, तिच्यावर लीलाबाई बसलेल्या. मोहुर्लेभाऊ त्यांना शेंगा सोलून देत होते. आमच्या ड्रायव्हरने गिअर बदलला, बसने काळा धूर सोडला. तसे ते ताडकन उठले, खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी ताणून धरला आणि लीलाबाईंच्या पुढे उभे राहिले. बस वळणावर जाईपर्यंत तसेच उभे होते.