पयले पानी, मंग पत्ता

आमच्या ऑफिसातले सेलोकरजी पाण्याची बाटली जवळ बाळगत नाहीत. भंडाऱ्याच्या मे महिन्यात हे केवढं धाडस आहे, ते इथला एक उन्हाळा काढलेल्या माणसालाच कळेल. बाकीचं सगळं ऑफिस डोक्याला दुपट्टा आणि काखोटीला बाटली घेऊन हिंडतं. सेलोकरजी मात्र मोकळ्या हातांनी बाहेर पडतात आणि तहान लागली की समोर दिसेल त्या अनोळखी घराचं फाटक वाजवतात. "पानी भेटन का जी?"

बाटली नेणं म्हणजे वाटेतल्या सगळ्या घरांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. "मानसाच्या गावातून चाललो का जंगलातून?" असं ते विचारतात. मी एकदा ऊन लागण्याची भीती घालून पाहिली. "ऊन जास्त असलं त लोक आनखीनच देतात," ते म्हणाले.

माझी बदली साताऱ्याहून इथं झाली तेव्हा नवऱ्याला तिकडची नोकरी सोडता येत नव्हती. म्हणजे मी आणि चौथीतली रेवा, दोघीच. 'घर पाहावं बांधून' म्हणणाऱ्यांनी परक्या गावात, एकट्या बाईनं, बेताच्या पगारात भाड्याचं घर कधी शोधलं नसावं. रेवाची शाळा दुपारी सुटणार, माझं ऑफिस संध्याकाळी. मधले काही तास ती पोर एकटी. माझ्या जिवाला तेवढा एकच घोर होता, बाकी नळ, खिडक्या आणि कपाटं कशीही चालली असती.

ऑफिसात मी घराचा विषय काढला आणि पलीकडच्या टेबलावरून सेलोकरजींनी मान वर केली. हडकुळा माणूस, पांढरा शर्ट, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. "मॅडम, भाडं मंग पाहा. पयले पानी पाहा."

मला वाटलं, नळाला किती वेळ पाणी येतं ते बघायला सांगताहेत. तसं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी स्कूटी काढली तर ते पायीच चालू लागले. "मोहल्ला पायानं पाहा लागते. गाडीवरून नुसत्या भिंती दिसतात." वाटेत त्यांनी मला आपली परीक्षापद्धत समजावली. "खिडकीतून पानी आलं, त नापास. दार उघडून आलं, त पास. आन् पयले पानी देऊन मंग 'कोन पाह्यजे' इचारलं, त सामान आनून टाकाचं. पयले पानी, मंग पत्ता. आमच्या बपेऱ्याले असंच असते."

बपेरा हे त्यांचं गाव, तुमसरच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून. त्यांच्या बोलण्यात ते दिवसातून कितीदा येतं याची मोजदाद ऑफिसनं सोडून दिली आहे.

पहिली जागा नव्या इमारतीतली. गुळगुळीत फरशी, लिफ्ट, जिन्यात कॅमेरा, आणि भाडं जेमतेम का होईना, माझ्या आवाक्यातलं. मी मनातल्या मनात पडदेही लावले होते. सेलोकरजींनी फ्लॅटकडे बघितलंसुद्धा नाही. समोरच्या दाराची घंटी वाजवली. आतून आवाज आला, "कौन?"

"पानी भेटन का जी?"

दार उघडलं नाही. आतूनच, "नीचे कूलर लगा है."

सेलोकरजींनी बंद दाराला नमस्कार केला आणि जिना उतरू लागले. "घर चांगलं आहे मॅडम. राहाले नोका येऊ."

"अहो, पण कॅमेरा आहे! केवढी सेफ जागा आहे!"

"कॅमेऱ्याले चोर दिसते. तुमची पोरगी दारात उपाशी बसली आहे, हे दिसते का त्याले?"

मला संताप आला. एवढी चांगली जागा एका पेल्यापायी सोडायची? त्या दिवशी मी त्यांच्याशी पुढचं सगळं 'हं' आणि 'बरं' एवढ्यावरच भागवलं.

पुढच्या रविवारी नदीकडच्या वस्तीत गेलो. समोर वैनगंगा, पलीकडे कारधा. भाडं इतकं कमी की मी दोनदा विचारून घेतलं. शेजारच्या बाईनं पाण्याबरोबर गूळ दिला, बसायला बाज टाकली, रेवाला कोणती शाळा बरी ते सांगितलं. मला वाटलं, आता तर शंभर टक्के पास. पण सेलोकरजी भिंतीकडे पाहत होते. माझ्या खांद्याच्या उंचीवर, सगळ्या घरांना एकाच रेषेत, मातकट डाग होता.

"मानसं सोन्याची आहेत," ते बाहेर आल्यावर हळहळत म्हणाले. "पन वैनगंगा माय बी अठी पानी पाजाले येते ना, मॅडम."

असे किती रविवार गेले आणि किती दारचं पाणी मी प्यायले! त्याचे जे परिणाम व्हायचे ते झालेच. एका अनोळखी घरी मला पाण्याहून नाजूक विनंती करावी लागली. त्या माउलीनं हसून मागचं दार दाखवलं. मी शरमेनं अर्धी झाले होते आणि सेलोकरजी भलतेच खूश. "हे त पान्याहून मोठी परीक्षा झाली!"

मग एकदा मी ठरवलं, यांची गरज काय, आपणच जावं. एका गल्लीत शिरले, फाटक वाजवलं, जमेल तेवढ्या गोड आवाजात पाणी मागितलं. आतल्या बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई, तुमच्या पर्समंधी बाटली भरली आहे ना? काय इकाले आल्या तुमी?" मी अगरबत्तीवाली नाही हे पटवून देता देता माझ्या नाकी नऊ आले. हे ऐकून सेलोकरजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "भाकर हातात धरून जेवाले मांगलं तुमी! देनाऱ्याले देऊ त द्या!"

शेवटी तांब्या-पितळेच्या दुकानांमागच्या एका गल्लीत आलो. कौलारू घरं, कुठून तरी भांडं ठोकल्याचा आवाज, दारोदारी बाजा टाकलेल्या. एका माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. रंग उडालेला, नळ खाली अंगणात. माझं तोंड पडलं. समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली, ती चंद्रकलाआजी. सेलोकरजींनी तोंड उघडायच्या आत तिनं पितळी गडवा पुढं केला. आमच्याकडे ज्याला तांब्या म्हणतात तोच हा गडवा, पण इथल्या पितळेचा, चांगला जड.

माझं पोट आधीच पाण्यानं तुडुंब. "नको आजी, आत्ताच प्यायले," मी म्हटलं.

आजीचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा उतरला आणि सेलोकरजींचा तिच्याहूनही जास्त. इतक्या दिवसांत ते माझ्यावर कधी रागावले नव्हते. "एक घोट घ्या मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोनाच्या दारचं पानी वापस जाऊ देऊ नाई."

मी मुकाट्यानं प्यायले. आजीचा चेहरा खुलला आणि मगच तिनं विचारलं, "कोन पाह्यजे व माय?" सेलोकरजींनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आजी त्यांना दुसरा गिलास भरायला लागली तेव्हा मात्र त्यांनी त्यावर हात ठेवला. "एक गिलास रस्त्याच्या मानसाचा. दुसरा आपल्या मानसाच्या घरी प्याचा असते, माय."

रंग उडालेल्या त्या दोन खोल्यांत आम्ही सामान टाकलं. मनातून मी खट्टूच होते. नवऱ्याला फोनवर सांगितलं, इथं घर बघत नाहीत, गडवे बघतात.

ऑगस्टात एके दिवशी मी ऑफिसच्या कामानं तुमसरला गेले होते. शाळेतले कोणी सर वारले म्हणून शाळा लवकर सोडली. शाळेनं मला फोन केला, तर माझ्या फोनचा जीव सकाळीच गेलेला. एसटी वाटेत बंद पडली. स्टँडवर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तिथं भेटलेल्या एका पालकबाईंनी सहज सांगितलं, "आज अकरालाच सुटली ना शाळा." ऑटोत बसून घरी पोचेपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मला लिहायचंसुद्धा नाही.

माडीला कुलूप. मी वळले. समोर चंद्रकलाआजीच्या अंगणात रेवा बाजेवर मांडी घालून बसली होती, ताटात वरणभात, आणि आजीशी कशावरून तरी कडाकडा भांडत होती. वेणी नव्यानं घातलेली. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. मला कळवायचं तरी, असं काहीतरी मी पुटपुटले असेन. आजी म्हणाली, "कायले कळवाचं? पोरगी रस्त्यावर होती का?"

हे सेलोकरजींना सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले तर त्यांची खुर्ची रिकामी. ताप आला म्हणून रजेवर होते. दुपारच्या सुट्टीत मी पत्ता विचारून त्यांच्या घरी निघाले. एवढ्या दिवसांत त्यांनी मला सगळा भंडारा दाखवला होता, आपलं घर कधी दाखवलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वसाहत चांगली होती. उंच भिंती, लोखंडी फाटकं, फाटकांवर कुत्र्याच्या पाट्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका फाटकाशी गाडी काढणाऱ्या बाईंना मी सेलोकरांचं घर विचारलं. त्या विचारात पडल्या. "सेलोकर? नवीन आले का कोणी?"

त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या फाटकावरच, पुसट अक्षरांत, ते नाव होतं.

सेलोकरजींनी दार उघडलं. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, डोळे तापानं लाल. मला पाहून इतके गडबडले की बसा म्हणायचंही विसरले. माझी नजर मात्र दाराशेजारच्या स्टुलावर गेली. त्यावर चिंचेनं लख्ख घासलेला पितळी गडवा होता, काठोकाठ भरलेला, आणि गिलास वर पालथा.

"हा कोणासाठी?"

"कोनासाठी नाई जी," ते टॉवेलनं तोंड पुसत म्हणाले. "सुमनची सवय होती."

सुमन म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन काही वर्षं झाली, एवढंच ऑफिसात ऐकलं होतं. बाकीचं त्यांनी त्या दुपारी थांबत थांबत सांगितलं. बदली झाली तेव्हा ते एकटेच भंडाऱ्याला घर बघायला आले होते. "भाडं कमी. भिंती मजबूत. चोरीचिलट नाई. आपिस जवळ. सगळं पायलं मॅडम. कोन राह्यते, थे नाई पायलं." बपेऱ्यात सुमनबाईंच्या दारचा गडवा दिवसातून किती वेळा भरावा लागायचा. इथंही सुमनबाईंनी पहिल्याच सकाळी तो भरून दाराशी ठेवला. संध्याकाळी तो जसाच्या तसा मोगऱ्याला ओतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरला. "मी आपिसातून आलो का इचारो, आलं का व कोनी? थे म्हने, उद्या येईन."

असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. दिवसभर बोलायला माणूस नाही, म्हणून हळूहळू घरातही कमी बोलायला लागल्या.

"मग काका, तुम्ही सोडत का नाही हे घर?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच काका निघालं. "आमच्या गल्लीत या ना राहायला."

त्यांनी गडव्याकडे पाहिलं. "तिनं एवढे वर्सं वाट पायली, बाई. आता मी उठून गेलो, आन् मागून आलं कोनी, त?"

मी उठले, बाहेर गेले आणि फाटक ओढून घेतलं. त्यांना वाटलं, निघाली. ते दारात येऊन उभे राहिले. मी फाटकाची कडी वाजवली, चांगली जोरात, शेजारी ऐकू जाईल अशी.

"पानी भेटन का जी?"

ते घाईनं वळले, गडवा उचलला आणि अनवाणी फाटकापर्यंत आले. ओतताना अर्धं पाणी माझ्या मनगटावरून गेलं. मी गिलास रिकामा केला. मगच त्यांनी विचारलं, रीत ती रीत.

"कोन पाह्यजे, बाई?"

"सेलोकरकाका," मी म्हटलं, आणि गिलास पुन्हा पुढं केला. "आणखी एक द्या."